सुरुवात कधी झाली, हे तळ्यातल्या गाळाला विचारलं तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. माणसाने पर्यावरणावर केलेल्या परिणामांची एक कालरेषा तुम्हाला प्रदर्शनाच्या भिंतीवर लावायची आहे. तुमच्या मते तिची पहिली खूण वाफेच्या इंजिनाची असावी, कारण त्याआधी माणूस निसर्गाशी जुळवून घेऊन राहत होता. तुमचे सहकारी म्हणतात, माणूस पहिल्यापासूनच उधळ्या. मॅमथ कुणी संपवले? मग आजच्याबद्दलच एवढा गहजब कशाला? तर दोघांत बरोबर कोण, आणि रेषा कुठल्या वर्षापासून सुरू करायची?

गेली सव्वीस वर्षं मी तळ्यांच्या तळाशी साचलेला गाळ नळीने काढून त्यातले परागकण मोजते. त्यामुळे तुमचा वाद माझ्या धंद्यातलाच आहे. एका ओळीत उत्तर हवं असेल तर दोघंही अर्धे बरोबर आहात, आणि एकच वर्ष शोधायचा हट्ट सोडलात तर तुमची रेषा जास्त खरी होईल. का, ते सांगायला मात्र जरा लांबण लावावी लागेल.

आधी प्रश्नच सोडवून घेऊ. ‘कधीपासून’ या एका शब्दात दोन प्रश्न गुंतलेत. माणसाची खूण निसर्गावर पहिल्यांदा कधी उमटली, हा एक. ती खूण एका रानापुरती, एका बेटापुरती न राहता सगळ्या पृथ्वीवर एकाच वेळी कधी दिसू लागली, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर हजारो वर्षं मागे जातं, दुसऱ्याचं कदाचित तुमच्या आजी-आजोबांच्या तरुणपणात सापडतं. तुम्ही दुसऱ्याच्या जवळपासचं उत्तर देताय, सहकारी पहिल्याचं देतायत, आणि दोघांना वाटतंय की आपण एकाच गोष्टीवर भांडतोय.

आता गाळाबद्दल थोडं, म्हणजे पुढचं मी कशाच्या जोरावर बोलतेय ते कळेल. झाडं, गवतं, पिकं फुलली की त्यांचे परागकण हवेतून येऊन तळ्यात पडतात. कणाचं बाहेरचं कवच इतकं चिवट असतं की प्राणवायू नसलेल्या चिखलात ते हजारो वर्षं कुजत नाही. खोल, शांत तळ्यात वर्षाला साधारण अर्धा-एक मिलिमीटर गाळ बसतो. त्यात नळी खुपसून काही मीटरचा कोअर, म्हणजे थर न मोडलेला गाळाचा दंडगोल, उभा काढला की हातात दहा हजार वर्षं येतात. मग ठरावीक अंतरावरचा चिमूटभर गाळ घ्यायचा, अल्कलीत आणि आम्लांत उकळून बाकीचं विरघळवायचं, आणि मायक्रोस्कोपखाली तीनशे ते पाचशे कण एकेक ओळखून मोजायचे. एका कोअरला असे शंभर नमुने. मान मोडते. १९१६ साली लेनार्ट फॉन पोस्ट या स्वीडिश भूवैज्ञानिकाने परागकणांची टक्केवारी खोलीप्रमाणे मांडून दाखवली, तेव्हापासून मूळ रीत फारशी बदललेली नाही.

परागकणांच्या जोडीला बरंच काही सापडतं. वणव्याच्या कोळशाचे कण, शेणावर वाढणाऱ्या बुरशीचे बीजाणू, डायटम नावाच्या एकपेशीय शैवालाची काचेसारखी कवचं, शिसं, आणि सगळ्यात वरच्या थरांत दगडी कोळसा व इंधनतेल प्रचंड तापमानाला जाळल्यावरच तयार होणाऱ्या राखेच्या बारीक गोळ्या. वय काढायला किरणोत्सर्गी पदार्थ उपयोगी पडतात: सुमारे पन्नास हजार वर्षांपर्यंत रेडिओकार्बन, शेवटच्या दीडशे वर्षांसाठी शिसं-२१०, आणि एक पक्की खूण म्हणून अणुस्फोटांतून पडलेलं सीझियम-१३७. त्याचं शिखर १९६३ च्या आसपास येतं, कारण त्याच वर्षी हवेतल्या अणुचाचण्यांवर बंदीचा करार झाला.

या पुराव्याला बोलता येत नाही, हे आधीच कबूल करते. तो ‘काय बदललं’ ते नीट सांगतो. ‘कुणी बदललं’ हे आपण ठरवतो, आणि तिथे आपटतो. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मीही आपटले. एका तळ्याच्या कोअरमध्ये झाडांचे पराग घटत होते, गवताचे वाढत होते, कोळशाचे कण तिप्पट झाले होते. मी मोठ्या उत्साहाने लिहिलं, ‘इथे शेतीसाठी जंगलतोड सुरू झाली.’ माझ्या मार्गदर्शक बाईंनी एकच विचारलं, नुसता पाऊस कमी झाला असता तर यात काय वेगळं दिसलं असतं? माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढे डायटम मोजले तेव्हा कळलं की त्याच थरात तळ्याचं पाणी खारट होत गेलं होतं. अवर्षण होतं ते. माणूस तिथे असेलही, पण माझ्या पुराव्यात तो नव्हता.

हे लक्षात ठेवून मागे जाऊ. आणि तुमच्या सहकाऱ्यांपासून सुरुवात करू, कारण त्यांची बाजू काळाने जुनी आहे.

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला लिंचेस क्रेटर नावाची गाळाने भरलेली ज्वालामुखीची विवरभूमी आहे. तिथल्या कोअरमध्ये शेणावरच्या बुरशीचे बीजाणू सुमारे ४१,००० वर्षांपूर्वी एकदम घटतात. शेण कमी, म्हणजे ते टाकणारी थोराड जनावरं कमी. गंमत क्रमात आहे. आधी बीजाणू घटतात, त्याच्या मागोमाग कोळसा वाढतो, आणि मग आगीत टिकणारी झाडी वरचढ होते. खाणारं जनावर गेलं, न खाल्लेला पालापाचोळा साठला, वणवे वाढले, असा त्याचा सरळ अर्थ लागतो. त्या सुमारास हवामानात तसा मोठा पालट नव्हता आणि माणूस खंडावर पोचलेला होता. बोट माणसाकडे वळतं.

उत्तर अमेरिकेत आणि युरेशियात गोष्ट इतकी सरळ नाही. तिथे मॅमथ संपले तेव्हा हिमयुगही संपत होतं, त्यामुळे शिकार आणि हवामान यांची वाटणी कशी करायची यावर अजून भांडणं होतात. मला स्वतःला दोन्ही एकत्र आल्याशिवाय इतकी पडझड झाली नसती असं वाटतं.  आर्क्टिकमधल्या रँगेल बेटावर मॅमथ सुमारे चार हजार वर्षांपूर्वीपर्यंत जिवंत होते, म्हणजे मुख्य भूमीवरचे संपल्यावर हजारो वर्षं. काही बेटांवर मात्र शंकेला फारशी जागा उरत नाही. न्यूझीलंडला माणूस पोचला तेराव्या शतकात, आणि मोआ या न उडणाऱ्या पक्ष्यांच्या नऊच्या नऊ जाती दीडशे-दोनशे वर्षांत गेल्या. दक्षिण बेटावरच्या तळ्यांत त्याच काळात कोळशाचा असा काही सुळका दिसतो की तारीख न काढताही बोट ठेवता यावं. आणि ज्याला तारखेसह सगळं हवं त्याच्यासाठी स्टेलरची समुद्रगाय हा समुद्रातला थोराड सस्तन प्राणी आहे. १७४१ साली बेरिंगच्या मोहिमेतल्या स्टेलर या निसर्गतज्ज्ञाने तिची नोंद केली, १७६८ पर्यंत ती संपली. सत्तावीस वर्षं.

तर वाफेच्या इंजिनाआधी माणूस निसर्गाशी जुळवून घेऊन होता, हे सरसकट खरं नाही. नष्ट झालेली जात परत येत नाही. ते नुकसान जुनं असलं तरी कायमचं आहे.

पण इथेच थांबलं की सहकाऱ्यांचं ‘माणूस असाच’ हे वाक्य सिद्ध झाल्यासारखं वाटतं. ते मला पटत नाही. डेन्मार्कचं उदाहरण घेते, आमच्या विषयात ते जवळजवळ कुलदैवतासारखं आहे. १९४१ मध्ये योहान्स इव्हर्सन या डॅनिश परागतज्ज्ञांनी तिथल्या कोअरमध्ये एक क्रम दाखवला. कोळशाचा थर येतो, झाडांचे पराग घटतात, धान्याचे आणि एका विशिष्ट तणाचे पराग उगवतात. हे तण इसबगोलाच्याच प्रजातीतलं. तुडवलेल्या, चरलेल्या जमिनीवर ते माजतं, म्हणून ते दिसलं की जवळ गुरं आणि माणसं होती असं समजायचं. नंतर वरच्या थरांत बर्च येतो, मग हेझल, आणि शेवटी जंगल परत. म्हणजे रान तोडलं, जाळलं, काही वर्षं पिकवलं, गुरं चारली, आणि लोक पुढे गेले.

दगडी कुऱ्हाडीने जंगल तोडता येतं का, अशी शंका तेव्हा लोकांनी काढली. मग १९५० च्या दशकात इव्हर्सन आणि त्यांचे सहकारी खऱ्या अश्मयुगीन कुऱ्हाडी घेऊन ड्रावेडच्या जंगलात गेले. खांद्यापासून घाव घातले की पाती फुटायची. कोपरापासून लहान लहान घाव घालायला शिकल्यावर तीन माणसांनी चार तासांत सुमारे पाचशे चौरस मीटर रान मोकळं केलं. हा प्रयोग मला फार आवडतो. खुर्चीत बसून ‘अशक्य’ म्हणणाऱ्यांना इतकं साधं उत्तर क्वचित मिळतं.

त्याच भागातलं दुसरं उदाहरण उलट दिशेचं आहे. सुमारे ५,८०० वर्षांपूर्वी वायव्य युरोपभर एल्म या झाडाचे पराग एकाएकी घटतात. शेतीही साधारण तेव्हाच पसरत होती, म्हणून गुरांच्या चाऱ्यासाठी एल्मच्या फांद्या छाटल्या गेल्या असं बरीच वर्षं शिकवलं गेलं. मग १९७० च्या दशकात एल्मवर रोग आला, लाखो झाडं वाळली, आणि ताज्या गाळात परागांची घसरण त्या जुन्या घसरणीसारखीच दिसली. लंडनच्या हॅम्पस्टेड हीथमध्ये हा रोग पसरवणारा भुंगाही त्या जुन्या थरांच्या आसपास सापडला. आज बहुतेक जण रोग आणि माणूस दोघांचा हात मानतात. त्यामुळे कुणी एकाच कारणावर छातीठोकपणे बोलू लागलं की मला एल्म आठवतं.

आता या दोन टोकांच्या मधला मोठा काळ. कालरेषांवर नेमका हाच रिकामा असतो. २०१९ मध्ये अडीचशेच्या वर पुरातत्त्वज्ञांनी आपापल्या प्रदेशाची माहिती एकत्र केली, तेव्हा निघालं की तीन हजार वर्षांपूर्वीच पृथ्वीचा बराचसा भूभाग शिकारी-संकलक, पशुपालक आणि शेतकऱ्यांनी बदललेला होता. दोन वर्षांनी आलेल्या दुसऱ्या अभ्यासात, बारा हजार वर्षांपूर्वी जवळजवळ तीन चतुर्थांश जमिनीवर माणसाचा वावर आणि वापर होता असा हिशेब मांडला गेला. ज्याला आपण ‘अस्पर्श’ म्हणतो त्यातलं बरंचसं कुणीतरी कधीतरी राखलेलं, जाळलेलं, पेरलेलं आहे. अॅमेझॉनमध्ये काळ्या मातीचे पट्टे सापडतात. कोळसा, हाडं, खापरं, कचरा मिसळून माणसांनीच बनवलेली ती माती आजही आजूबाजूच्या लाल मातीपेक्षा कसदार आहे. ऑस्ट्रेलियातले मूळ रहिवासी थोडं थोडं रान ठरवून जाळत, त्यामुळे मोठे वणवे कमी लागत. हेही माणसाचे परिणामच. म्हणून तुमच्या भिंतीवर ‘परिणाम’ आणि ‘नासधूस’ हे दोन शब्द एकाच रंगात रंगवू नका, ही माझी कळकळीची विनंती.

नासधूस झाली तिथेही ती कशी झाली हे पाहण्यासारखं असतं. दक्षिण मेसोपोटेमियात नद्यांचं पाणी पाटांनी शेतात खेळवलं जाई. त्या पाण्यात थोडे क्षार विरघळलेले असतातच. निचरा नसेल तर भूजल वर चढतं, उन्हाने पाणी उडून जातं, क्षार मुळांपाशी राहतात. जमीन क्षारपड होते. गव्हाला हे सोसत नाही, जवाला बऱ्यापैकी सोसतं. तिथल्या मातीच्या पाट्यांवरच्या नोंदींत गहू कमी होत जाऊन जव वाढताना दिसतो. किती नुकसान क्षारांमुळे आणि किती इतर कारणांनी, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, पण यंत्रणा खरी आहे. आणि त्यात कुणीही दुष्ट नव्हतं. प्रत्येक पिढीने शेताला पाणीच दिलं होतं.

आइसलँडचंही तसंच. नवव्या शतकाच्या उत्तरार्धात लोक तिथे वसले. नेमक्या त्या सुमारास एका ज्वालामुखीची राख बेटभर पडली, त्यामुळे गाळात ‘आधी’ आणि ‘नंतर’ची आयती रेघ मिळते. रेघेखाली बर्चची झाडी, रेघेवर गवत. मेंढ्यांनी कोवळी रोपं उठू दिली नाहीत, हलकी ज्वालामुखीची माती उघडी पडली, वाऱ्याने उडाली. तळ्यांत येणारा गाळ वाढला तो याच मातीचा. १९०७ साली त्यांनी मृद्संधारणाचं सरकारी खातं काढलं, जगातल्या पहिल्या अशा खात्यांपैकी एक. झाडी अजून पुरती परतलेली नाही.

रापा नुई, म्हणजे ईस्टर बेट, या यादीत असणार असं तुम्ही लिहिलंयत. जपून. तुमच्या मसुद्यातली गोष्ट अशी आहे की लोकांनी पुतळे ओढायला झाडं तोडली, रान संपलं, आपसांत लढून समाज कोसळला. ताडांचं रान संपलं हे खरं. पण साधारण १२०० च्या सुमारास माणसांबरोबर आलेल्या उंदरांनी ताडाच्या बिया कुरतडून नवी रोपं उगवूच दिली नाहीत, याचेही पुरावे आहेत. दातांच्या खुणा असलेल्या बिया सापडल्यात. रान गेल्यावर लोकांनी दगड पसरून मातीतली ओल धरली आणि शेती चालू ठेवली. २०२४ मध्ये तिथल्या जुन्या सांगाड्यांच्या डीएनएचा अभ्यास झाला, त्यात सतराव्या शतकातल्या कोसळण्याची खूणच नाही. माणसं खरी संपली ती नंतर. १८६२ पासून पेरूहून आलेल्या टोळ्यांनी लोक गुलाम म्हणून धरून नेले, मग देवी आणि इतर रोग आले, आणि १८७७ मध्ये बेटावर १११ जण उरले होते. ‘माणसाने स्वतःचा नाश करून घेतला’ असं लिहिण्याआधी कुणाचा नाश कुणी केला हे तपासा. हा फलक तसाच लावलात तर मी तरी प्रदर्शन बघायला येणार नाही.

इथपर्यंत आलेलं सगळं, कितीही मोठं असलं तरी, जागेला बांधलेलं आहे. एका दरीतलं रान गेलं तर शेजारच्या दरीच्या गाळात त्याची खबर नसते. हे पहिल्यांदा मोडलं ते शिशाने.

चांदी काढायची तर शिशाचं खनिज वितळवावं लागे आणि त्याची वाफ हवेत जाई. १९९४ मध्ये ग्रीनलंडच्या बर्फाच्या कोअरमध्ये ग्रीक-रोमन काळातलं शिसं मोजलं गेलं, ते नैसर्गिक पातळीच्या सुमारे चौपट निघालं. भट्ट्या स्पेनसारख्या ठिकाणी, आणि धूर पोचला ध्रुवीय बर्फावर. स्वीडनच्या तळ्यांतही तीच रेघ दिसते. पुढे २०१८ मध्ये याच बर्फातून इतकं बारीक मोजमाप झालं की इ.स. १६५ च्या सुमारास रोमन साम्राज्यात आलेल्या साथीबरोबर शिसं खाली आलेलं दिसलं. कामगार मेले, खाणी थंडावल्या, बर्फ स्वच्छ झाला. पहिल्यांदा तो आलेख पाहिला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

त्याच शिशाचा पुढचा अंक म्हणजे १९२० च्या दशकात पेट्रोलमध्ये मिसळलेलं शिसं. पृथ्वीचं वय काढणारे क्लेअर पॅटरसन यांना आपल्या नमुन्यांत सगळीकडून शिसं शिरताना दिसलं, म्हणून त्यांनी जवळजवळ धूळमुक्त प्रयोगशाळा उभी केली, आणि मग १९६५ मध्ये सांगितलं की हे शिसं नैसर्गिक नाही, आपण सोडलेलं आहे. विरोध भरपूर झाला. तरी १९७० च्या दशकापासून शिसं उतरू लागलं. मोटारींसाठीचं शिसंयुक्त पेट्रोल शेवटी बंद करणारा देश अल्जीरिया, २०२१ साली. ग्रीनलंडच्या बर्फात ही उतरण स्पष्ट दिसते.

हवेतल्या कार्बन डायऑक्साइडबद्दल दोन दावे तुमच्या वाचनात आले असतील. प्राचीन हवामानाचे अभ्यासक विल्यम रडिमन यांनी २००३ मध्ये मांडलं की जंगलतोडीमुळे सात-आठ हजार वर्षांपूर्वीपासूनच तो वाढू लागला. दुसरा दावा असा की युरोपीय लोकांनी नेलेल्या रोगांनी आणि हिंसेने अमेरिका खंडात कोट्यवधी माणसं मेली, शेतं रानात बदलली, आणि म्हणून १६१० च्या सुमारास त्याची पातळी थोडी खाली गेली. दोन्हींवर वाद चालू आहेत. मी असते तर फलकावर प्रश्नचिन्हासह लावले असते.

आता तुमच्या बाजूचं, म्हणजे कोळशाचं. यासाठी स्कॉटलंडमधल्या राउंड लॉख ऑफ ग्लेनहेड या छोट्या तळ्यापेक्षा चांगला साक्षीदार नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्कँडिनेव्हिया आणि ब्रिटनमधली कित्येक तळी आम्ल होऊन मासे नाहीसे झाले. वीजकेंद्रांचा धूर, म्हणाले एक. नाही, सूचिपर्णी झाडांची लागवड आणि बदललेली चराई, म्हणाले दुसरे. या तळ्याच्या पाणलोटात लागवड नव्हतीच. डायटमच्या जाती पाण्याच्या आम्लतेप्रमाणे बदलतात, म्हणून कवचं मोजून जुन्या पाण्याचा सामू (पीएच; जितका कमी तितकं पाणी आम्ल) काढता येतो. तो हजारो वर्षं साधारण साडेपाचच्या आसपास राहिला, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून घसरू लागला आणि शे-सव्वाशे वर्षांत ४.७ च्या आसपास आला. त्याच थरांत राखेच्या गोळ्या आणि जड धातू वाढत गेलेले. वाद तिथे जवळपास संपला. गंधकाचा धूर कमी करण्याचे करार झाले, आणि अलीकडच्या थरांत पाणी थोडं सावरताना दिसतं. पूर्ववत नाही, पण सावरताना.

म्हणजे औद्योगिक क्रांतीची खूण खरी आहे. पण मला विचाराल तर वाफेच्या इंजिनासाठी धरल्या जाणाऱ्या १७८४ किंवा तत्सम वर्षाला गाळात नेमकी रेघ नसते. कोळसा आधी ब्रिटनमध्ये जळू लागला, मग युरोप-अमेरिकेत, इतरत्र बऱ्याच उशिरा. सगळीकडे जवळपास एकाच वेळी उमटलेली रेघ म्हणजे १९५० च्या आसपासची. अणुचाचण्यांचं प्लुटोनियम, राखेच्या गोळ्यांची झेप, आणि दुर्गम पर्वतांतल्या तळ्यांतही पोचलेला कृत्रिम नायट्रोजन. हवेतल्या नायट्रोजनपासून खत बनवण्याच्या हाबर-बॉश पद्धतीचा पहिला कारखाना १९१३ चा, पण खतांचा पूर आला दुसऱ्या महायुद्धानंतर.

सहकाऱ्यांच्या ‘यात नवीन काय’ला उत्तर वेगात आहे. हिमयुग संपताना हवेतला कार्बन डायऑक्साइड सुमारे ८० पीपीएमने (दहा लाखांत ८० भागांनी) वाढायला सहा-सात हजार वर्षं लागली. औद्योगिक काळाआधीच्या सात हजार वर्षांत तो २६० वरून २८० झाला. रडिमन यांच्या मते शेती नसती तर तो उलट घटला असता, म्हणून ते साधारण चाळीस पीपीएम शेतीच्या खात्यावर घालतात, पण तेही हजारो वर्षांत. १७५० ते १९५८ मध्ये तो ३१५ च्या आसपास पोचला. १९५८ ला हवाई बेटावरच्या मौना लोआ पर्वतावर नियमित मोजणी सुरू झाली, तेव्हापासून आतापर्यंत शंभराहून जास्त वाढून ४२० च्या वर गेला आहे. एका माणसाच्या आयुष्यात बसणारा हा काळ. दगडी कुऱ्हाडीवाल्यांना आणि आपल्याला एका ओळीत बसवायचं तर हे आकडे लपवावे लागतील.

तरीही एकाच जागी दोन्ही गोष्टी दाखवणारं उदाहरण हवं असेल तर कॅनडातल्या ओंटारियोमधलं क्रॉफर्ड तळं घ्या. लहानसं पण खोल, तळाचं पाणी वरच्यात मिसळत नाही, त्यामुळे गाळ ढवळत नाही. दरवर्षी उन्हाळ्यात चुन्याचा फिका थर, नंतर काळपट थर. झाडाच्या वलयांसारखी वर्षं मोजता येतात. १९७० च्या दशकात त्यात मक्याचे पराग सापडले. मक्याचा कण जड, लांब उडत नाही, म्हणजे शेतं काठावरच असली पाहिजेत. शोध घेतला तर खरंच मूळ रहिवाशांच्या गावांचे अवशेष निघाले, तेराव्या ते पंधराव्या शतकांतले. त्याच कोअरमध्ये वर १९५० चं प्लुटोनियम आहे. ‘मानवयुग’ ही नव्या भूवैज्ञानिक कालखंडाची कल्पना वातावरणाचे रसायनशास्त्रज्ञ पॉल क्रुट्झेन यांनी २००० मध्ये पुढे आणली, आणि २०२३ मध्ये तिची सुरुवात दाखवणारी जागा म्हणून हेच तळं सुचवलं गेलं. मार्च २०२४ मध्ये भूवैज्ञानिकांच्या समितीने प्रस्ताव फेटाळला. सत्तर वर्षांचा पातळ थर म्हणजे कालखंड कसा, आणि शेतीची हजारो वर्षं कुठे गेली, हे मुख्य आक्षेप. म्हणजे तुमचं आणि सहकाऱ्यांचं भांडण तिथेही झालं, फक्त मतदान घेऊन.

आता भिंतीचं. एका वर्षापासून सुरू होणारी आडवी रेषा काढू नका. कोअरसारखा उभा पट्टा काढा, जुनं खाली, नवं वर, आणि वर जाताना तो रुंद होत जाऊ दे. रुंदी म्हणजे परिणाम कुठवर पोचला. खाली लिंचेस क्रेटरची बारीक रेघ, रोमन शिशापाशी पट्टा गोलार्धाएवढा, १९५० ला भिंतभर. प्रत्येक नोंदीत वर्षाबरोबर जागेचं नाव लिहा. ‘माणसाने जंगल तोडलं’ असं न लिहिता ‘इथल्या लोकांनी, या जंगलाचं, असं केलं’ असं लिहा. आणि रान परतलं असेल तर तेही दाखवा.

मोजपट्टीची अडचण येईल. सहा मीटर उंचीत बारा हजार वर्षं बसवलीत तर १९५० नंतरच्या काळाला चार सेंटिमीटरही मिळणार नाहीत, आणि सगळ्यात जास्त मजकूर तिथेच आहे. चाळीस हजार वर्षांपूर्वीचं तर जमिनीखाली जाईल. ते पायाशी वेगळं काढा आणि मध्ये तुटक रेघ द्या. वरच्या भागाची मोजपट्टी सरळ मोठी करा, आणि केलीय असं लिहा. खऱ्या कोअरमध्येही बऱ्याचदा तसंच असतं. शेवटच्या काही दशकांचा गाळ अजून दबलेला नसतो, त्यात पाणीच जास्त, आणि उघड्या जमिनीची माती वाहून येत असल्याने तो भरतोही भराभर. नळी जरा कलली की पहिल्यांदा तोच सांडतो. म्हणून आम्ही ती उभी धरूनच काठापर्यंत आणतो.